तेरा भागांची मालिका आणि सदतीस शब्दांचा कायदा



आज एका अशा टीव्ही मालिकेबद्दल लिहितोय जी तुमच्यापैकी फारशा कोणाला आठवणार नाही. निकलोडियन या मुलांच्या चॅनेलवर एप्रिल २००६ मध्ये 'जस्ट फॉर किक्स' नावाची एक विनोदी मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कमधली मुलींची एक सॉकर टीम, त्या टीममधल्या चार मैत्रिणी, मैदानावरची आणि घरातली भांडणं, शाळा, मुलगे, रुसवेफुगवे, आणि अर्ध्या तासाच्या शेवटी सगळं गोड. कार्यकारी निर्माती होती चक्क व्हूपी गोल्डबर्ग. तेरा भाग झाले आणि मालिका संपली. चौघींमधली एक, जेसिका विल्यम्स, पुढे 'द डेली शो'मध्ये २०१२ ते २०१६ वार्ताहर म्हणून गाजली. बाकी मालिकेचं नाव आज कोणी काढत नाही.

मग अशा मालिकेवर इतिहासाचा लेख कशाला? तर माझा मुद्दा असा की या मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यात जी नाही ती. 'मुली आणि फुटबॉल?' हा प्रश्न त्या मालिकेचा विषयच नाही. मुली फुटबॉल खेळतात, संपलं. 'फ्रेंड्स'मध्ये जसं कॉफीचं दुकान, तशी इथे टीम. विनोद दुसऱ्याच गोष्टींवर.

माझ्या ऑफिसात एक मराठी सहकारी आहे, जन्मली वाढली न्यू जर्सीत. २००६ साली ती बारा-तेरा वर्षांची होती. तिला विचारलं की ही मालिका कशी होती गं? ती म्हणाली, "ठीक होती. चार मैत्रिणींची होती." मुलींची फुटबॉल टीम होती हे मुद्दाम सांगावं असं तिला वाटलंच नाही! हे असं न वाटणं फुकट मिळालेलं नाही. त्यामागे चौतीस वर्षांचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात मांडतो.

* * *

आधी पडद्यावर काय चालायचं ते बघू. खेळणाऱ्या मुलीची गोष्ट सांगायचे लेखकांकडे साधारण दोनच साचे होते.

पहिला साचा म्हणजे मुलांच्या टीममध्ये एकटी मुलगी. १९८१ साली स्कॉटलंडमध्ये बिल फोर्साइथचा 'ग्रेगरीज गर्ल' आला. शाळेची टीम सारखी हरतेय, नव्या खेळाडूंची चाचणी घेतात, तर डोरोथी नावाची मुलगी सगळ्यांत चांगली निघते. सिनेमा फार गोड आहे, मिळाला तर जरूर बघा. पण त्यातली मूळ गंमत हीच की मुलगी खेळते! अमेरिकेत एनबीसीवर शनिवारी सकाळी 'हँग टाइम' नावाची मालिका १९९५ ते २००० चालली. तिथे खेळ बास्केटबॉल, पण बेत तोच, इंडियानामधल्या शाळेच्या मुलांच्या टीममध्ये एक मुलगी.

दुसरा साचा वेशांतराचा. १९९२ च्या 'लेडीबग्ज'मध्ये रॉडनी डेंजरफील्डला मुलींच्या टीमचा कोच व्हावं लागतं. टीम सुमार, म्हणून तो एका मुलालाच मुलीचा वेश घालून खेळवतो. म्हणजे मुलींच्या टीमवरच्या सिनेमात मॅच जिंकायला मुलगाच आणावा लागला. काय बोलणार!

या दोन्ही साच्यांत एक गृहीत धरलेलं आहे. मुलीचं मैदानावर असणं हा अपवाद आहे, आणि अपवाद म्हणून तो विनोदी आहे. हे गृहीतक लेखकांनी बदललं नाही. ते बदललं आधी कायद्याने आणि मग आकड्यांनी.

* * *

२३ जून १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका मोठ्या विधेयकावर सही केली. त्यातला नववा भाग म्हणजे 'टायटल नाइन'. त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत सदतीस शब्दांचं आहे. आशय एवढाच की, ज्या शैक्षणिक कार्यक्रमाला केंद्र सरकारचा पैसा मिळतो त्यातून कोणालाही लिंगावरून वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाहीत, भेदभाव करता येणार नाही. गंमत म्हणजे त्या वाक्यात खेळ हा शब्दच नाही. कायद्यामागची मंडळी विचार करत होती प्रवेशांचा आणि प्राध्यापकांच्या नोकऱ्यांचा. ओरेगनच्या एडिथ ग्रीन, इंडियानाचे सिनेटर बर्च बाय आणि हवाईच्या पॅट्सी मिंक ही त्यातली प्रमुख नावं. मिंकबाईंना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पण वैद्यकीय कॉलेजांनी बाई म्हणून दारातूनच परत पाठवलं. मग त्या वकील झाल्या आणि पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. २००२ मध्ये त्या वारल्यावर या कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

कायदा मंजूर झाला आणि कॉलेजांच्या खेळवाल्यांच्या लक्षात आलं की अरे, आपणही यात आलो. मग धावपळ सुरू झाली. १९७४ मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी दुरुस्ती आणली, की ज्या खेळातून पैसा मिळतो तो या कायद्यातून वगळा. ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियम आले आणि शाळा-कॉलेजांना जुळवून घ्यायला जुलै १९७८ पर्यंत मुदत मिळाली. १९७९ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की कॉलेज नियम पाळतंय का हे तीन प्रकारे तपासता येईल. खेळाडूंमधलं मुलामुलींचं प्रमाण कॉलेजातल्या एकूण प्रमाणाशी जुळतंय का? नसेल तर मुलींसाठी संधी सतत वाढवत नेल्याचा इतिहास दाखवता येतो का? तेही नसेल तर मुलींची आवड आणि कुवत पुरेपूर भागवली जातेय का? यातलं एक जमलं तरी चालेल.

वाट काही सरळ नव्हती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात निकाल दिला की केंद्राचा पैसा ज्या विशिष्ट विभागाला मिळतो तेवढ्यालाच हा कायदा लागू. आता खेळाच्या विभागाला थेट केंद्राचा पैसा कुठे मिळतो? म्हणजे खेळ बाहेर! चार वर्षं असं अधांतरी गेलं. १९८८ मध्ये काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला आणि संपूर्ण संस्था परत कायद्याच्या कक्षेत आली.

आता आकडे. हायस्कूलच्या खेळांची देशपातळीवरची संघटना दरवर्षी मोजदाद करते. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलांत सगळे खेळ मिळून २,९४,०१५ मुली खेळत होत्या. त्यात सॉकर खेळणाऱ्या किती? ७००. होय, सातशे, अख्ख्या देशात. २००५-०६ मध्ये, म्हणजे आपली मालिका आली त्या शाळेच्या वर्षात, एकूण मुली झाल्या होत्या २९ लाखांच्या वर आणि सॉकर खेळणाऱ्या तीन लाखांहून जास्त. टीव्हीवाले दुसरं काय बघतात? प्रेक्षक. तीन लाख मुली, त्यांच्या बहिणी, आणि हायस्कूलात अजून न पोचलेल्या त्याहून कितीतरी लहान पोरी. यांना दर शनिवारी सकाळी मोजे आणि शिनगार्ड शोधावे लागतात. त्यांना ती मालिका नवलाची नव्हती, ओळखीची होती.

* * *

पण सॉकरच का? कायद्याने तर सगळ्याच खेळांना दार उघडलं होतं. मला यात दोन कारणं दिसतात.

एक हिशोबाचं. अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या कॉलेज टीमला ८५ स्कॉलरशिपा देता येत. एवढ्या मुलांच्या समोर मुलींचा तसा खेळच नाही. तराजूचं दुसरं पारडं भरायचं तर असा खेळ हवा ज्यात पंचवीस-तीस मुली एका झटक्यात बसतील आणि खर्च आवाक्यात राहील. सॉकरला काय लागतं? मैदान आणि दोन गोलपोस्ट. कित्येक वर्षं असं होतं की वरच्या श्रेणीच्या कॉलेजात मुलींच्या सॉकरला १४ स्कॉलरशिपा आणि मुलांच्या सॉकरला ९.९. (हे ९.९ वाचून मीही थबकलो होतो. पैसे तुकड्यांत वाटता येतात, म्हणून अपूर्णांक!)

दुसरं कारण जास्त रंजक आहे. अमेरिकेत सॉकर हा पुरुषांचा देव्हारा नव्हता. तो मान फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉलचा. सॉकरच्या मैदानावर मुली आल्या तेव्हा 'आमच्या जागेत कशाला आलात' म्हणणारं फारसं कोणी तिथे नव्हतंच.

इंग्लंडमध्ये याच्या बरोबर उलट घडलं. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक, कर या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या बायकांनी टीम काढली. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना देण्यावर बंदी घातली. ही बंदी उठायला १९७०-७१ उजाडलं. पन्नास वर्षं! खेळ जेवढा पुरुषांच्या जिव्हाळ्याचा तेवढं मुलींना दार बंद.

* * *

कायद्याची पहिली पिढी मोठी झाली तेव्हा काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे, तरी क्रम सांगतो. कॉलेजांची मुलींची पहिली एनसीएए स्पर्धा १९८२ मध्ये झाली, ती नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली. तिथल्याच कोच अँसन डोरन्स यांनी १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची टीम नेली. फिफाला त्या स्पर्धेला 'वर्ल्ड कप' म्हणायचाही धीर झाला नव्हता, आणि मॅच ९० ऐवजी ८० मिनिटांच्या ठेवल्या होत्या. फायनलमध्ये मिशेल एकर्सच्या दोन गोलांवर नॉर्वेचा २-१ पराभव झाला.

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये बायकांचा सॉकर पहिल्यांदा आला. जॉर्जियातल्या अथेन्स गावी झालेल्या फायनलला ७६,००० हून जास्त प्रेक्षक होते. टीव्हीवर मात्र तो सामना पूर्ण दाखवला नाही. लोक मैदानात पोचले होते, टीव्ही मागे होता.

मग १० जुलै १९९९, पॅसाडीनाचं रोज बोल. प्रेक्षक ९०,१८५. चीनशी ०-०, जादा वेळेत क्रिस्टीन लिलीने गोलरेषेवरून डोक्याने परतवलेला बॉल, पेनल्टीत ब्रायना स्करीने अडवलेला तिसरा फटका, आणि शेवटी ब्रँडी चॅस्टेनचा डाव्या पायाचा गोल. चॅस्टेनचा तो फोटो टाइम, न्यूजवीक आणि स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड, सगळ्यांच्या मुखपृष्ठावर गेला. त्या उन्हाळ्यात ज्या पोरी आठ वर्षांच्या होत्या त्या २००६ मध्ये पंधराच्या झाल्या. 'जस्ट फॉर किक्स'च्या नायिका म्हणजे त्याच वयाच्या मुली.

स्करीबद्दल एक सांगायला हवं. त्या दिवशी सुरुवातीच्या अकराजणींत ती एकटीच कृष्णवर्णीय होती. अमेरिकेत हा खेळ उपनगरातल्या, मिनीव्हॅनवाल्या, बऱ्यापैकी कमावत्या गोऱ्या घरांतून वाढला. १९९६ च्या निवडणुकीत 'सॉकर मॉम' हा शब्द गाजला तो याच घरांबद्दल. कायद्याने शाळेत टीम दिली, पण वरच्या दर्जाचा खेळ शिकायचा तर क्लब, आणि क्लब म्हणजे पैसा. ही उणीव अजून पुरती भरलेली नाही. जेसिका विल्यम्ससारखी कृष्णवर्णीय मुलगी चौघींमधली एक होती, तिथे मालिका खऱ्या राष्ट्रीय टीमच्या थोडी पुढेच होती म्हणायची.

* * *

आता आपल्या ओळखीचा सिनेमा, 'बेंड इट लाइक बेकहॅम'. गुरिंदर चढ्ढांचा हा सिनेमा इंग्लंडमध्ये २००२ ला आणि अमेरिकेत २००३ ला लागला. बहिणीचं लग्न आणि फायनल एकाच दिवशी, आई गोल पोळी करायला शिकवतेय आणि पोर बागेत कोबी उडवतेय... देशी घरात तो बघताना प्रत्येकाला आपली कोणीतरी आठवतेच. पण एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. जेस आणि ज्यूल्स या दोघींना सुटायला जागा इंग्लंडात नाहीच. त्यांचं स्वप्न म्हणजे अमेरिकेतली मुलींची व्यावसायिक लीग, आणि शेवटी त्या जातात कुठे? कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा युनिव्हर्सिटीत, स्कॉलरशिपवर.

बे एरियातले लोक आता हसतील. ज्या सँटा क्लाराला आपण एल कॅमिनोवरच्या डोशासाठी जातो ते सिनेमातल्या पंजाबी मुलीचं पंढरपूर! पण लेखकांची निवड अचूक होती. ब्रँडी चॅस्टेन तिथेच शिकली, आणि सँटा क्लाराने २००१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला १-० हरवून कॉलेजांची स्पर्धा जिंकली होती.

स्वप्नातली ती लीग म्हणजे 'डब्ल्यूयूएसए'. एप्रिल २००१ मध्ये आठ टीम घेऊन सुरू झाली. डिस्कव्हरी चॅनेलचे जॉन हेंड्रिक्स आणि केबल कंपन्या पैसा घालत होत्या. पहिलं विजेतेपद आपल्याच सॅन होजेच्या सायबररेजने पटकावलं. पण पाच वर्षं पुरेल म्हणून ठेवलेला पैसा वर्षभरात उडाला, प्रायोजक आले नाहीत, टीव्हीवर प्रेक्षक टिकले नाहीत. १५ सप्टेंबर २००३ ला लीग बंद केल्याची घोषणा झाली, महिला वर्ल्ड कप अमेरिकेत सुरू व्हायच्या पाच दिवस आधी. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकन प्रेक्षक जेसला विमानात बसताना बघत होते त्याच वर्षी तिला जायची जागा बंद झाली. कॉलेज होतं. त्याच्या पुढे काही नव्हतं.

म्हणून २००६ हे साल मला विशेष वाटतं. व्यावसायिक लीग नाही. मिया हॅम आणि ज्यूली फाउडी २००४ मध्ये निवृत्त झालेल्या. आणि नेमकं तेव्हा, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, मुलींच्या सॉकरवर दोन विनोदी गोष्टी आल्या. मार्चमध्ये 'शी इज द मॅन' हा सिनेमा. त्यात शाळा मुलींची टीमच रद्द करते, म्हणून नायिका भावाचा वेश घेऊन मुलांच्या टीममध्ये शिरते. मूळ कथा शेक्सपियरची, साचा तोच जुना, वेशांतराचा. आणि एप्रिलमध्ये 'जस्ट फॉर किक्स'. वेशांतर नाही, परवानगी नाही, कोणी 'पहिली' नाही. टीम आहे आणि भांडणं आहेत.

सिनेमा चालला, आजही लोक बघतात. मालिका विसरली गेली. तरी इतिहासाचा पुरावा म्हणून मी मालिकेलाच जास्त वजन देईन. सिनेमा सांगतो की जुनं गृहीतक अजून विनोदाला पुरत होतं. मालिका सांगते की बारा वर्षांच्या मुलींसाठी ते संपलं होतं. आणि ज्या वर्षी वरचा मजला कोसळलेला होता त्याच वर्षी ही मालिका निघू शकली, कारण तळमजला शाबूत होता. तो मिया हॅमवर उभा नव्हता. तो त्या तीन लाख साधारण खेळणाऱ्या मुलींवर उभा होता.

पुढचं थोडक्यात. २००९ मध्ये दुसरी लीग आली, तीन हंगाम खेळून बंद पडली. २०१३ मध्ये तिसरी, 'एनडब्ल्यूएसएल', ती टिकली. २०२२ मध्ये समान वेतनाच्या दाव्यात खेळाडूंना २.४ कोटी डॉलरची तडजोड मिळाली आणि पुरुष-स्त्रियांना सारखं मानधन देणारे करार झाले. २०२४ मध्ये सॅन होजेत 'बे एफसी' सुरू झाली. तिच्या चार संस्थापक खेळाडूंपैकी एक चॅस्टेन, आणि चौघीही सँटा क्लाराच्या! टीव्हीवर २०२१ मध्ये 'यलोजॅकेट्स' आली, न्यू जर्सीच्या शाळेतल्या मुलींची सॉकर टीम विमान कोसळून जंगलात अडकते. विनोदी अजिबात नाही, रात्री एकट्याने बघू नका. पण तिथेही कोणी विचारत नाही की या मुली सॉकर का खेळत होत्या.

* * *

आता आपल्याकडचं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. फायनल नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. यजमान म्हणून भारताची पहिलीच मॅच भुवनेश्वरला पडली अमेरिकेशी. निकाल ०-८. त्यावर लोकांनी ज्या प्रतिक्रिया दिल्या त्या ऐकून वाईट वाटलं. आपल्या मुलींत दम नाही, तब्येत नाही, वगैरे. अहो, समोरच्या अकराजणींमागे पन्नास वर्षांच्या शाळा-शाळांतल्या टीम उभ्या होत्या. त्यातल्या ९९ टक्के मुली सुमार किंवा ठीकठाक खेळणाऱ्या. पण त्या होत्या, म्हणून त्यांतून या वेचता आल्या.

माझ्या आईचं उदाहरण देतो. ती सातारा जिल्ह्यात शिकली. शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होती, खुंटापाशी चकवण्यात पटाईत, असं मावशी अजून सांगते. दहावीनंतर खेळणं बंद. मी इतकी वर्षं समजून होतो की आजोबांनी बंद केलं असणार. मध्ये एकदा फोनवर सरळ विचारलं. आई म्हणाली, "नाही रे, बाबा कधीच नको म्हणाले नाहीत. कॉलेजात मुलींची टीमच नव्हती."

हे उत्तर ऐकल्यापासून मला टायटल नाइन नीट समजला. आपण नेहमी 'नाही' म्हणणाऱ्याला शोधतो, सासरा, आजोबा, समाज. पण बऱ्याचदा नाही म्हणणारं कोणी नसतं. पुढची टीम नसते. कायद्याने अमेरिकेत लोकांची मनं बदलली की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्याने पुढच्या इयत्तेत टीम असेल एवढी व्यवस्था केली.

आणि आता इथे आपण आहोत. टीम आहे, मैदान आहे, १९६४ पासून चालत आलेली 'एवायएसओ'सारखी संघटना आहे जिचा नियमच आहे की प्रत्येक पोराला निदान अर्धी मॅच खेळायला मिळालीच पाहिजे. आपल्या मुली पाच-सहा वर्षांच्या झाल्या की आपण हौसेने नाव घालतो, संत्र्याच्या फोडी घेऊन उभे राहतो. आणि त्या तेरा-चौदाच्या झाल्या की? मी आजूबाजूला बघतो ते असं. 'स्टेट लेव्हलला जाणार आहे का? नाही ना? मग कशाला वेळ घालवायचा. गणिताचा क्लास लाव.' 'कॉलेजच्या ॲप्लिकेशनला काही उपयोग?' 'उन्हात रापतेय पोर.' यात कोणी दुष्ट नाही. सगळे प्रेमानेच बोलतात. पण आईच्या कॉलेजात जे नव्हतं ते इथे असताना आपणच काढून घेतो.

मला वाटतं आपल्या डोक्यात खेळाचे दोनच कप्पे आहेत. एकतर मिया हॅम, नाहीतर वेळेचा अपव्यय. मधला कप्पा, जिथे मुलगी राखीव खेळाडू आहे, दोन गोल वर्षाला करते, मॅचनंतर मैत्रिणींशी भांडते आणि सोमवारी परत सरावाला जाते, तो आपल्याला दिसत नाही. 'जस्ट फॉर किक्स' त्या कप्प्याची मालिका होती. ठीकठाक मुलींची ठीकठाक मालिका. आपल्या घरातली मुलगी जर सॉकरमध्ये ठीकठाक असेल तर तिला अजून चार वर्षं ठीकठाक राहू द्या, एवढंच माझं म्हणणं.

ज्यांच्या मुली हायस्कूलात खेळल्या किंवा मध्येच थांबल्या त्यांनी कृपया लिहावं, विशेषतः का थांबल्या ते. अभ्यासामुळे, दुखापतीमुळे, क्लबच्या फीमुळे, की आणखी कशामुळे? दुबई, लंडनकडच्या मंडळींकडे शाळेत मुलींच्या टीम कशा चालतात हेही वाचायला आवडेल.

आपला,
बे एरियातला एक सॉकर-बाबा